आम्ही सर्व खुशाल

१९९८ सालच्या सप्टेंबर महिन्यात माझ्या मुलीचा जन्म झाला. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आमच्याकडे पद्धत. त्याप्रमाणे मी वाईला आईकडे होते. सव्वा महिना मला कुणी कामाला हात लावू दिला नाही. सकाळी तेल लावून अंग चोळणारी बाई येई. मग कढत पाण्याने स्नान, शेगडीचा शेक, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू आणि जेवणानंतर चिमूटभर बाळंतशेपा. यांतील सगळेच काही आज डॉक्टर मान्य करणार नाहीत. बाळाला धुरी देऊ नये असे ते सांगतात, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही जुनी समजूत तर साफ चुकीची आहे; अंगावर पाजणाऱ्या आईला तहान अधिक लागते. तरीही त्या सव्वा महिन्यामागे एक शहाणपण होते. बाळाला सांभाळणारीलाही कुणीतरी सांभाळावे लागते, हे त्यात गृहीत धरलेले होते. न मागता सारे हातात येत होते. त्यामुळे मागावे कसे, हे मात्र मी शिकले नाही.

डिसेंबरात मी भोपाळला, आमच्या घरी परतले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, यजमानांची कारखान्यातील पाळ्यांची नोकरी, आणि भोवती सगळी हिंदी बोलणारी वस्ती. मी एका शाळेत शिकवीत होते. १९६१च्या कायद्याने तेव्हा बारा आठवड्यांचीच प्रसूतिरजा मिळत असे (२०१७ साली ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली). ती संपत आल्याने मी बिनपगारी रजा वाढवून घेतली होती.

थंडीत दुपटी वाळत नसत. मुलगी संध्याकाळी सहाला रडू लागे ती दहा वाजेपर्यंत. मी उभ्यानेच गार पोळी लोणच्याशी खाई. केसांना चार-चार दिवस फणी लागत नसे. बाळ झोपले तरी मला झोप येत नसे. डोळे छताला लागलेले असत. आणि सर्वांत लाजिरवाणी वाटणारी गोष्ट ही, की त्या गोड मुलीकडे पाहून मला काहीच वाटेनासे झाले होते.

आईची पत्रे येत. 'तब्येतीला जप,' असे ती प्रत्येक पत्रात लिही. मी उत्तर लिही, 'आम्ही सर्व खुशाल.' कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन करताना माझे लक्ष वाढत्या आकड्यांवर असे. 'सगळं ठीक आहे गं,' एवढे म्हणायला फार पैसे लागत नसत.

जानेवारीतील एका संध्याकाळी मुलगी काही केल्या शांत होईना. तिला घेतलेले माझे हात थरथरू लागले. आता आपण हिला जोरात हलवू, आपटू, असा विचार एकाएकी मनात आला आणि मी हादरले. तिला पाळण्यात ठेवले, दार ओढून घेतले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. आतून रडणे ऐकू येत होते. त्या वेळी मला मी जगातील सर्वांत वाईट आई वाटले. बाळाला सुरक्षित जागी ठेवून क्षणभर दूर होणे हेच त्या घटकेला योग्य होते, हे मला पुष्कळ नंतर कळले.

समोरच्या भाभी भाजी घेऊन वर येत होत्या. 'काय झालं?' त्यांनी विचारले. सवयीने मी म्हणाले, 'काही नाही.' त्या दोन पायऱ्या चढून पुढे गेल्या. मग कुठून बळ आले कोण जाणे, मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले, 'भाभी, मला दोन तास झोपायचं आहे. हिला घ्याल?'

त्यांनी भाजीची पिशवी तिथेच ठेवली आणि मुलीला उचलले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार ते सहा ती त्यांच्याकडे असे. शनिवारी त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या. माझे हिमोग्लोबिन आठ भरले. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि खुर्ची जवळ ओढून झोपेविषयी, मनाविषयी विचारले. त्यांनी समजावले ते असे : प्रसूतीनंतर शरीरातील संप्रेरके एकदम घटतात, पहिल्या दिवसांत उगाच रडू येणे हे पुष्कळ जणींना होते आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ते त्याहून अधिक टिकले, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार असतो. त्यात आईचा दोष नसतो आणि त्यावर उपचार असतात. माझे उपचार काही महिने चालले.

आज प्रसूतीनंतरच्या बेचाळीस दिवसांत आशाताईंनी अनेकदा घरी येऊन विचारपूस करावी अशी व्यवस्था आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. तेव्हा माझ्याजवळ होत्या त्या भाभी.

यजमानांना हे सारे कळले तेव्हा ते म्हणाले, 'तू कधी बोलली नाहीस.' या वाक्याशी माझे भांडण अजून मिटलेले नाही. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे त्यांना माझ्या न विंचरलेल्या केसांत दिसायला हवे होते. मात्र त्यानंतर रात्रपाळी नसेल त्या दिवशी दुपटी धुणे आणि पहाटे मुलीला घेऊन बसणे त्यांनी अंगावर घेतले आणि ते निभावले.

तीच मुलगी २०२४ साली आई झाली. मी बंगळुरूला गेले ते डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पोतेभर सल्ले घेऊन. तिने लाडू चाखला आणि म्हणाली, 'मस्त झालाय. पण आई, मला खरं हवंय ते वेगळंच. रात्री दोनचं दूध पाजून झालं की पुढे बाळ तुझ्याकडे.' इतके सरळ मागणे ऐकून मला क्षणभर लागलेच. 'आमच्या वेळी' हे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले.

त्या रात्री बाळाला खांद्यावर घेऊन मी खोलीत फेऱ्या मारत होते. अंधारातून मुलीने विचारले, 'तुला कुणी होतं का गं तेव्हा?'

'समोरच्या भाभी होत्या,' मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिला सारे सांगू लागले. जिन्याच्या पायरीपर्यंत आले तोवर तिला झोप लागली होती. बाळाने अजून ढेकर दिला नव्हता. मी आणखी एक फेरी मारली.