गाडी स्वस्त, सवयी महाग

आमच्या रोडपालीच्या सोसायटीत दोन पांढऱ्या अल्टो 800 शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्ही एमएच-46, दोन्ही 2013 च्या. एक माझी, दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राची. माझी एका चावीत स्टार्ट होते. त्याच्या गाडीचं इंजिन दोनदा खोलून झालंय. ‘बजेट कारकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार, बॉस?’ हा त्याचा ठरलेला डायलॉग. अरे, मग माझी काय मर्सिडीज आहे?

रस्ता तर दोघांना सारखाच. कळंबोलीच्या स्टील मार्केटचे ट्रेलर, त्यांची धूळ, सर्कलवरचं ट्रॅफिक. या धुळीत एअर फिल्टर लवकर भरतो, म्हणून मी तो मधूनमधून उघडून झटकते. त्यात आपलं रोजचं रनिंग म्हणजे घर ते मानसरोवर स्टेशन. एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापतच नाही. पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं. त्यामुळे ‘वर्षात चारच हजार किलोमीटर झाले, ऑइल कशाला बदलू?’ हे मित्राचं गणित साफ चुकतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी भरेल ते पाळायचं. पण मॅन्युअल वाचतो कोण?

त्याची दुसरी लाडकी सवय म्हणजे कूलंटऐवजी नळाचं पाणी. फुकटात काम! कूलंट आतून गंज धरू देत नाही आणि साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. मग एखाद्या मे महिन्यात घाट चढताना इंजिन तापतं, अ‍ॅल्युमिनियमचा हेड वाकतो, गॅस्केट जातं. कूलंटचा डबा शेकड्यांत येतो, हेडचं काम हजारांत जातं.

गंमत अशी, की हाच मित्र मोबाइलला दरवर्षी नवं कव्हर घेतो. गाडी ‘साधी’ आहे म्हणून तिच्यावर खर्च नको, आणि खर्च केला नाही म्हणून ती बिघडते. बिघडली की शिक्का तयार: छोट्या गाड्या टिकत नाहीत.

त्या टिकतात. 2022 च्या जुलैत रात्री दीड वाजता पुण्याहून आईचा फोन आला, बाबांना अ‍ॅडमिट केलं होतं. एवढ्या रात्री टॅक्सी शोधत बसायला वेळ नव्हता. धो-धो पावसात मी आणि नवरा कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागलो. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन खोपोलीनंतरचा घाट खालच्या गिअरमध्ये शांतपणे चढलं. वायपरचे रबर मे महिन्यातच बदलले होते, टायरची नक्षी शाबूत होती. पहाटे चारच्या आत मी बाबांच्या उशाशी होते. त्या रात्री गाडीची किंमत आठवलीसुद्धा नाही.

सेकंडहॅण्ड छोटी गाडी घ्यायचा विचार असेल, तर मॉडेलइतकीच मालकाचीही चौकशी करा. सर्व्हिसिंगची बिलं मागा. इंजिन थंड असताना कूलंटची टाकी बघा. आत गंजाचं तांबूस पाणी दिसलं तर सरळ नमस्कार करा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल, तर तो शेवटचा कधी बदलला ते विचारा, कारण बेल्ट बहुधा न सांगताच तुटतो.

आणि गाडी घरी आली की महिन्यातून एक रविवार दहा मिनिटं काढा. ऑइलची डिपस्टिक, कूलंटची पातळी, स्टेपनीसकट पाचही टायरची हवा. तेवढ्या वेळात कटिंगसुद्धा पिऊन होईल!