द्राक्षांची चुलत बहीण

दिसायला ती द्राक्षवेलच. पान तेच, तीन-पाच खणांचं, कडेला दाते असलेलं. पानासमोर फुटणारी बाळी तीच, टोकाशी दुभंगलेली, मिळेल त्या काटकीला विळखा घालणारी. निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या बागायतदाराला दाखवली तर तो म्हणेल, जंगली द्राक्ष आहे, सोडा. त्याला दोष देता येणार नाही, कारण कूळ खरोखरच एक आहे. पण पोर्सिलेनबेरी या नावाची ही वेल द्राक्षांची चुलत बहीण आहे, सख्खी नव्हे. आणि भाऊबंदकी म्हणजे काय असते हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिचं माहेर चीन, कोरिया, जपान आणि रशियाचा अतिपूर्वेकडचा मुलूख. सध्याचा मुक्काम अमेरिकेचा पूर्व भाग. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कात, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स नदीकाठी, रेल्वेच्या कडेला, पडीक जागेच्या कुंपणावर, जिथे ऊन आहे आणि चढायला आधार आहे तिथे ती असते. दाट जंगलाच्या पोटात ती फारशी शिरत नाही, तिला कड आवडते. आणि शहरांनी जंगलांना कडाच कडा करून ठेवल्या आहेत.

१८७०च्या दशकात तिला मुद्दाम आणलं गेलं, बागेची शोभा म्हणून. आणणाऱ्यांची भूल समजण्यासारखी आहे. सप्टेंबरात तिचा घोस हातात घेऊन बघावा. वाटाण्याएवढे मणी, आणि एकाच घोसात एक फिकट हिरवा, शेजारचा जांभळट, त्याच्या पलीकडचा मोरपिशी, एखादा थेट निळा, आणि सगळ्यांवर बारीक काळसर ठिपके, झिलई दिलेल्या चिनी मातीवर असावेत तसे. दोन मणी एका रंगाचे सापडायचे नाहीत. निळा-जांभळा रंग देणारी अँथोसायनिनं आणि स्वतः जवळजवळ रंगहीन असलेली फ्लॅव्हॉनॉल्स मण्याच्या सालीत एकमेकांना बिलगतात, त्यातून ही रंगांची उधळण होते. खऱ्या द्राक्षाला हे जमत नाही. ते बिचारं हिरव्याचं काळं-जांभळं होतं आणि थांबतं.

रोपवाटिकेवाले तिचं वर्णन करतात ते ऐकण्यासारखं असतं. वाढ जोमदार, कुठल्याही जमिनीत येते, कीड-रोग फारसा नाही, फळांवर पक्षी येतात. उद्यानाची देखभाल करणाऱ्याला विचारा, तोही हीच चार वाक्यं म्हणेल, फक्त कपाळाला हात लावून. एका हंगामात ती पंधरा फुटांपर्यंत वाढते. झुडपं आणि कोवळी झाडं तिच्याखाली अशी गुडूप होतात की उन्हाळ्यात नुसते हिरवे उंचवटे दिसतात आणि आत काय होतं ते ओळखू येत नाही. पक्षी मणी खातात आणि बिया ओढ्याकाठी टाकत जातात, त्या मातीत काही वर्षं दम धरून राहतात. आपल्याकडे घाणेरीही बागेतलं फुलझाड म्हणूनच आली होती, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तोडायची तर तोडून टाका, असं सहज म्हणता येतं. पण अडचण इथेच सुरू होते. त्याच कुंपणावर, कधी त्याच फांदीवर, तिथलं मूळचं रानद्राक्षही चढलेलं असतं. रविवारी कोयते-कात्र्या घेऊन आलेले उत्साही स्वयंसेवक परकी म्हणून घरचीच वेल छाटून जातात. म्हणून तिथल्या जाणत्यांनी ओळखीच्या खुणा बांधून ठेवल्या आहेत. पानावर भरवसा ठेवायचा नाही, ही पहिली. पान दोघींचंही लहरी, एकाच वेलीवर कुठे अखंड, कुठे खोल कातरलेलं.

जून खोड बघावं. द्राक्षाची साल लांब लांब पट्ट्यांनी सुटते, लोंबते, बोटाने ओढली की दोरीसारखी हातात येते. मांजरासारखा आवाज काढणारा कॅटबर्ड आपल्या घरट्यात याच पट्ट्या वापरतो. पोर्सिलेनबेरीचं खोड घट्ट सालीचं, त्यावर श्वासरंध्रांचे बारीक उंचवटे. फळं असतील तर कामच सोपं: द्राक्षाचा घड खाली लोंबतो, हिचा घोस पसरट आणि वर तोंड करून उभा. फुलांत तर अगदी नाजूक फरक आहे. द्राक्षाच्या फुलाच्या पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात आणि फूल उमलताना टोपी उडावी तशा एकत्र गळतात. द्राक्ष बागायतदारांना ती टोपी चांगली माहीत आहे. पोर्सिलेनबेरीच्या पाकळ्या सुट्या उघडतात.

आणि शेवटचा पुरावा काडीच्या पोटात. धारदार चाकूने पेरासकट एक काडी उभी चिरायची. द्राक्षाची असेल तर आतला गाभा तपकिरी, आणि पेराशी आल्यावर एक आडवा पडदा त्याला तोडतो. पोर्सिलेनबेरीचा गाभा पांढरा, पेरातूनही न अडता सरळ पुढे गेलेला. अपवाद एकच, दक्षिणेकडचं मस्कडाइन द्राक्ष. त्याचाही गाभा पेराशी तुटत नाही आणि सालही सुटत नाही. नियम सांगणाऱ्याची फजिती करायला निसर्ग असा एखादा नग ठेवतोच. रानमेवा तोडणाऱ्यांनी तर आणखी एका तोतयाला जपावं, तो मूनसीड. तो मूळचा तिथलाच, पण विषारी. त्याला बाळी नसते, आणि काळ्या मण्यात चंद्रकोरीच्या आकाराची एकच बी असते.

एवढी उठाठेव एका रानवेलीला वाचवण्यासाठी का, असा प्रश्न आपल्याला तरी पडू नये. अमेरिकेच्या या रानद्राक्षांचे उपकार थेट आपल्या ताटापर्यंत आलेले आहेत. लाब्रुस्का या तिथल्या जातीतून मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावी इफ्रेम बुल यांनी १८४९ साली कॉनकॉर्ड द्राक्ष मिळवलं. आपल्या बाजारात येणाऱ्या काळ्या, वासाच्या बंगलोर पर्पलचं गोत्रही तेच. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा त्यांना वाचवलं ते अमेरिकन खुंटांनी. आणि नाशिक-सांगलीकडे पाणी कमी पडू लागलं, जमिनी क्षारपड होऊ लागल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी जो डॉगरीज खुंट धरला तो टेक्सासच्या रानद्राक्षातला. वर थॉमसन, खाली डॉगरीज, अशी आपली कितीतरी एकरं उभी आहेत.

रानद्राक्ष अगदी साधुसंत आहे असं मात्र नाही. तेही झाडावर चढतं, झाड वाकवतं, लाकडासाठी जंगल राखणारे त्याच्याही नावाने बोटं मोडतात. पण शेकडो पिढ्या त्याच जंगलात काढल्यामुळे त्याला खाणारे, कुरतडणारे, आवरणारे सोबत आहेत. चुलत बहीण आली ती आपले आवरणारे माहेरीच ठेवून.

तिला काढायचं तर मणी धरण्यापूर्वी. रोप लहान असेल तर पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटून येतं. जून झाली की मूळ खोल आणि दांडगं होतं, वरून कापली की खालून पुन्हा फुटते, म्हणून दरवर्षी त्याच जागी जावं लागतं. न्यूयॉर्क राज्यात २०१५पासून तिची विक्री बंद आहे. सगळीकडे तशी बंदी नाही, आणि पांढऱ्या-गुलाबी शिंतोड्यांच्या पानांची तिची ‘एलेगन्स’ नावाची जात शोभेसाठी आजही विकली जाते.

युरोपात हाच खेळ उलट्या बाजूने चालू आहे. बागांसाठी नेलेले अमेरिकन खुंट तिथे कुंपणाबाहेर निसटले आणि नदीकाठच्या जंगलांत स्थिरावले. युरोपचं मूळचं रानद्राक्ष आधीच दुर्मीळ, त्यात ही नवी गर्दी. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या तोंडी रिपारिया या अमेरिकन रानद्राक्षाबद्दल तीच तक्रार आहे, आणि त्यांचं काम जास्त कठीण आहे. युरोपची रानवेल आणि रिपारिया या दोघी सख्ख्या, एकमेकींशी संकर होणाऱ्या. काडी चिरून उपयोग नाही, गाभा दोघींचाही तपकिरीच निघतो. मग प्रयोगशाळेत नेऊन जनुकं तपासायची.