बाल्ड ईगल परतला, गिधाडांचे काय?

विषावर बंदी आली की पक्षी परततात का? भारतात हा प्रश्न गिधाडांबाबत वारंवार विचारला जातो. त्याचे एक उत्तर उत्तर अमेरिकेच्या बाल्ड ईगलकडे आहे.

हा गरुड पाण्याला बांधलेला आहे. विपुल मासे असलेली सरोवरे, नद्या वा खाड्या आणि काठावर प्रचंड घरटे पेलणारे जुने वृक्ष, हा त्याचा अधिवास. तो मासे पकडतो, इतर पक्ष्यांची शिकार हिसकावतो आणि हिवाळ्यात मेलेली जनावरे खाऊन त्यांची विल्हेवाट लावतो. अन्नसाखळीच्या टोकावरील या जागेची किंमत त्याने विसाव्या शतकात मोजली.

चार्ल्स ब्रोली हे निवृत्त बँक अधिकारी फ्लोरिडात झाडांवर चढून गरुडांच्या पिलांच्या पायांत नोंदणीचे कडे घालत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस घरटी रिकामी दिसू लागली. प्रौढ पक्षी मात्र धडधाकट होते. कारण ठरले डीडीटी. चरबीत साठणारे हे रसायन लहान माशातून मोठ्या माशात जाताना प्रत्येक पायरीवर अधिक तीव्र होते. त्यापासून बनणाऱ्या डीडीईमुळे अंड्याचे कवच इतके पातळ होई, की उबवणाऱ्या पक्ष्याच्याच भाराने ते फुटे. १९६३ मध्ये अलास्का व हवाई वगळता अमेरिकेत अवघ्या ४१७ जोड्या नोंदल्या गेल्या.

१९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. गरुड संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला तो २००७ मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी. २०२१ च्या सरकारी अहवालात जोड्यांची संख्या सुमारे ७१,४०० होती. तरीही शिकारीच्या अवशेषांतील शिशाचे कण आजही त्याच्या पोटात जातात.

भारतात विषाची रीत वेगळी होती. डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुराचे मांस एकदा खाल्ले, तरी गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. पण केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या तितक्याच घातक औषधांवर बंदी यायला २०२३ उजाडले. मेलोक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय तोवर उपलब्ध होताच.

गरुडाची मादी एका विणीत एक ते तीन अंडी घालते. गिधाडाची मादी वर्षाला एकच. त्यामुळे एक औषध बंद होऊन दुसरे घातक औषध बाजारात राहिले, तर गेलेली वर्षे भरून निघणे फार कठीण होते.