अडीच लाखांचं स्वप्न

डिसेंबर १९७९ मध्ये 'स्टार ट्रेक'चा पहिला चित्रपट अमेरिकेत झळकला. त्यावर ४ कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला होता. महिनाभरानं, ९ जानेवारी १९८० रोजी, पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर उर्सुला ल ग्विन यांच्या 'द लेथ ऑफ हेवन' या कादंबरीवरचा चित्रपट लागला. त्याचं बजेट होतं जेमतेम अडीच लाख डॉलर.

कादंबरी १९७१ ची. ल ग्विन तेव्हा ओरेगॉनमधल्या पोर्टलँडला स्थिरावल्या होत्या आणि कथाही त्यांनी त्याच पावसाळी शहरात घडवली. जॉर्ज ऑर नावाच्या साध्या, भिडस्त माणसाची काही स्वप्नं खरी होतात. खरी होतात म्हणजे जगाचा भूतकाळही त्यांच्याबरोबर बदलतो, त्यामुळे काही बदललंय याचा इतरांना पत्ताच नसतो. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर हेबर हे हेरतो आणि त्याला हवी तशी स्वप्नं पाहायला लावून जगाचं भलं करायला निघतो. गर्दी कमी कर म्हटलं, तर स्वप्नातली साथ अब्जावधी माणसं गिळते. वर्णभेद मिटव म्हटलं, तर सगळी माणसं राखाडी होतात. युद्ध थांबव म्हटलं, तर परग्रहवासी चाल करून येतात आणि नाइलाजानं माणसांची एकजूट होते.

अशी कथा कमी पैशांत करणं वेडेपणाचं वाटतं, पण तिचा गाभाच स्वस्तात जमणारा होता. एक कोच, एक यंत्र, एक डॉक्टर, एक झोपलेला माणूस. डोळे उघडले की जग निराळं. ते निराळं आहे हे ऑरच्या चेहऱ्यावर दिसलं की काम झालं. ऑर झालेल्या ब्रूस डेव्हिसननं ते चेहऱ्यावरच पेललं. केविन कॉनवेचा हेबर खलनायकी वाटत नाही. सगळ्यांचं कल्याण करण्याच्या घाईतला हुशार माणूस वाटतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

भविष्यकाळही आयता मिळाला. चित्रीकरण झालं टेक्ससमध्ये, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या परिसरात. आय. एम. पेई यांनी रचलेला डॅलसचा सिटी हॉल १९७८ मध्येच खुला झाला होता. वर जाईल तशी पुढे झुकत येणारी ती काँक्रीटची प्रचंड भिंत. तिच्यापुढे माणूस आपोआप किरकोळ दिसतो. सेटवर एक डॉलरही न घालता कॅमेऱ्याला उद्याचं शहर सापडलं.

हा चित्रपट न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या दूरचित्रवाणी केंद्राच्या प्रयोगशाळेतून आला. डेव्हिड लॉक्स्टन आणि फ्रेड बार्झिक या दिग्दर्शकांकडे पैसा नव्हता, पण त्यांनी लेखिकेला सोबत घेतलं. पटकथेची आखणी, नटांची निवड यांत ल ग्विन होत्या. कादंबरीतली नायिका हेदर. तिचे वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. तिचा तपकिरी रंग हा तिच्या असण्याचाच भाग. चित्रपटात तिच्या भूमिकेत मार्गारेट एव्हरी ही कृष्णवर्णीय अभिनेत्री आली.

पुढे मात्र काटकसरीचा फटका बसला. १९८८ मध्ये प्रक्षेपणाचे हक्क संपले आणि चित्रपट दिसेनासा झाला. पुन्हा दाखवायचा तर सगळ्या संबंधितांशी नव्यानं करार हवे होते, आणि त्यात एक गाणं आडवं आलं. कथेत परग्रहवासी दुकान थाटतात. त्यांच्याकडून ऑरला बीटल्सची तबकडी मिळते, मित्रांच्या मदतीनं निभावून नेण्याचं ते गाणं ऐकत तो झोपी जातो. त्याच गाण्याच्या हक्कांची किंमत चित्रपटाला परवडेना! चित्रपट पुन्हा दाखवता येणारच नाही असं गृहीत धरून पीबीएसनं आपल्या संग्रहात प्रतही जपली नव्हती.

चाहत्यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. अखेर २००० मध्ये चित्रपट परतला तो मूळ प्रक्षेपणाच्या व्हिडिओ टेपवरून दुरुस्त केलेला, आणि बीटल्सच्या जागी त्याच गाण्याचं दुसऱ्या कुणी गायलेलं रूप घेऊन. डीव्हीडीसोबत बिल मॉयर्स यांनी घेतलेली ल ग्विन यांची मुलाखतही होती. तेव्हा त्या सत्तरीला आल्या होत्या.

दोनच वर्षांनी दुसऱ्या एका वाहिनीनं ही कादंबरी पुन्हा पडद्यावर आणली. जेम्स कान हेबर झाला, चित्रण गुळगुळीत झालं आणि परग्रहवासी गाळले गेले. या खेपेला ल ग्विन यांचा निर्मितीशी संबंध नव्हता. २००४ मध्ये साय-फाय वाहिनीनं त्यांच्या 'अर्थसी' पुस्तकांवर मालिका काढली. पुस्तकातला गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा. पडद्यावर तो गोरा झाला. त्याच डिसेंबरात ल ग्विन यांनी 'स्लेट'मध्ये लेख लिहून नाराजी जाहीर केली. सल्लागार म्हणून त्यांचं नाव करारात होतं. पटकथेचे खर्डे त्यांच्या हाती पडले, ते चित्रीकरण सुरू झाल्याच्या निरोपासकट.