मूठभर पीठ

माणसाची ओळख आपल्याकडे त्याच्या गावावरून ठरते. नाव सांगून झाले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "मूळ गाव कोणतं?" माझ्या आजीला तिच्या ९४ वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल, कोण जाणे! तिच्या वडिलांना त्याचे उत्तर ठाऊक नव्हते, त्यामुळे तिलाही नव्हते.

१८९९ साली पावसाने दगा दिला. पांढऱ्या सोन्याचा मुलूख म्हणून मिरवणारा वऱ्हाड अन्नाला महाग झाला. खडी फोडण्याच्या कामांवर माणसांची रीघ लागली. पाठोपाठ पटकीची साथ आली. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. त्या दिवसांत अमेरिकन मिशनऱ्यांनी अकोला, खामगावकडे अनाथ मुलांसाठी आश्रम चालविले. अकोल्याच्या आश्रमात चार-पाच वर्षांचा एक मुलगा आला. त्याला स्वतःचे नाव तेवढे सांगता येत होते. बापाचे आणि गावाचे येत नव्हते. तो माझ्या आजीचा बाप. पुढे तो सुतारकाम शिकला, त्याने बाप्तिस्मा घेतला, संसार थाटला. १९२८ साली आजीचा जन्म झाला.

आजी परिचारिका झाली आणि १९४९ साली लग्न होऊन अकोल्याहून अमरावतीस आली. सारा मोहल्ला तिला 'सिस्टरबाई' म्हणे. रात्री-अपरात्री कोणाची बाई अडली की आमचे दार वाजायचे. आजी आधी डोळे मिटून क्षणभर प्रार्थना करी आणि मग चपला घाली. परतायला उजाडले तरी रविवारची उपासना तिने कधी चुकविली नाही.

तिची भक्ती अस्सल मराठी वळणाची होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने तिला तोंडपाठ. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. जात्यावर बसून आजी ती भजने म्हणू लागली की शेजारच्या काकू थबकून विचारीत, "सिस्टरबाई, हे तुकोबाचं होय का हो?" आजी हसून म्हणे, "तुकोबाच्याच वाटेनं आलं बाप्पा!" नाताळात आमच्या घरचे कानोले शेजारी जात आणि पोळ्याला शेजारच्या पुरणपोळ्या आमच्या घरी येत. यात कोणालाच काही विशेष वाटत नसे.

तरी एक बोचरे वाक्य अधूनमधून कानी येई. एकदा एका लग्नघरी कोणीतरी ते तोंडावरच बोलून गेले, "तुमच्या लोकांनी भाकरीसाठी देव बदलला." आम्ही मुले संतापलो. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "खरं हाये. माह्या बापाले भाकर भेटली म्हनून थो जगला. याच्यात लाजाची काय गोष्ट? पन भाकरीसाठीच देव धरला असता, तं पोट भरल्यावर सुटला नसता काय?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. मला वाटते, आजीचे सारे आयुष्य हेच त्या टोमण्याला उत्तर होते. रोज भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी ती एक मूठ पीठ काढून वेगळ्या डब्यात टाकी. तो डबा भरला की कोणाच्या तरी घरी जाई. कोणाच्या, हे ती घरातही सांगत नसे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. घरात आठ माणसे खाणारी. माझे वडील तेव्हा लहान होते. ते सांगत, त्या दिवसांतही ती मूठ थांबली नाही. उलट आजी म्हणे, "काळ पडला की मूठ मोठी करा लागते." प्रभूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे आहे. ते मागणे एकट्यासाठी नाही, 'आम्हां' साऱ्यांसाठी आहे, हे ती आम्हांला वारंवार सांगे.

शेवटच्या वर्षांत तिची दृष्टी गेली. मग बायबल वाचून दाखविण्याची आम्हां नातवंडांत पाळी लागली. एखादा शब्द गाळला की ती चटकन् थांबवी. सारे पाठच होते ना! हात थरथरू लागले तरी पिठाची मूठ तिचीच. कोणीतरी तिचा हात धरून डब्यापर्यंत न्यावा लागे.

२०२२ साली ती गेली. मातीला सर्व जातिधर्मांची माणसे आली होती. त्यांत पन्नाशी-साठीची कितीतरी माणसे अशी होती की, ज्यांना जगात प्रथम हातात घेतले ते आजीनेच! बापाचे गाव हरवले म्हणून आजी कधी रडली नाही. एका मुलाला मिळालेली भाकरी ती आयुष्यभर मुठीमुठीने फेडीत राहिली, आणि ते फेडता फेडता एक अख्खे गाव तिचे झाले.

पिठाचा तो डबा आता आईकडे आहे. तो अजून रिकामा राहिलेला नाही.