लेवीयच्या पुढे

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. तसं खास कारण नाही. लिहायला सकाळचा जो तास मिळायचा, तो आता दुसरीकडे जातो. मग म्हटलं, त्याबद्दलच लिहावं.

आमच्या पपांचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आहे. काळं रेक्झिनचं कव्हर, कणा कधीचा निखळलेला, कापडी पट्टीने दोनदा चिकटवलेला. प्रकटीकरण संपतं त्या पानावर पेन्सिलीने एकाखाली एक बावीस तारखा लिहिल्यात. बहुतेक सगळ्या ३१ डिसेंबरच्या. एक तेवढी ४ मार्चची आहे, त्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला होता. पपा शाळामास्तर, त्यामुळे हिशेब पक्का. एकूण ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात सगळं शास्त्र होतं, वर दहाएक अध्यायांची सूटही मिळते.

पपा २०१९ मध्ये गेले. त्यानंतर नगरच्या घरावरून दादाचं आणि माझं बिनसलं. कोण बरोबर, कोण चूक ते इथे लिहीत नाही, घरचेही हे वाचतात. एवढंच सांगते की वकिलाची नोटीस माझ्याकडून गेली होती. पुढे चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

देवळात जाणं सुटलं नव्हतं. पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि क्षमेच्या ओळीपाशी आली की मी गप्प व्हायचे. मंडळी पुढे जायची आणि मी भाकरीच्या विनंतीनंतर थांबून एकदम शेवटच्या आमेनला त्यांना गाठायची. शेजारी बसणाऱ्यांना काही कळत नसे. घरी तर प्रार्थना करणं जवळजवळ बंदच झालं होतं. डोळे मिटले की दादाचा चेहरा दिसायचा, आणि मग देवाऐवजी त्याच्याशीच भांडण सुरू!

म्हणून २०२३ च्या जानेवारीत ठरवलं, की प्रार्थना जमत नाही तर निदान वाचू या. वाचायला मन लागत नाही, चष्मा लागतो.

उत्पत्ति झरझर गेलं. आता तुम्ही म्हणाल, याकोब आणि एसाव वाचताना हिचं मन पाघळलं असणार. छे! मी स्वतःला एसाव समजून वाचत होते. वडिलांच्या घरातून फसवून बाहेर काढलेला तो मीच, आणि दादा म्हणजे याकोब. उलट जास्तच संताप आला. शास्त्र वाचून माणूस आपोआप सुधारतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मुद्दाम हे लिहितेय. निर्गमही झालं. जानेवारी संपता संपता लेवीय लागलं आणि मी तिथे बसकण मारली. अर्पणं, चरबी, गुरदे, कोणता प्राणी खावा, कोणता खाऊ नये... तेराव्या अध्यायात कातडीवरचे चट्टे आले आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच.

लहानपणी पपांनी दादाला आणि मला केडगावला मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतं. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं, आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं, तेही तिथल्याच छापखान्यात. तेव्हा आमचं सगळं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे होतं. पण पुस्तक मिटून ठेवल्यावर वर्षभर मला अधूनमधून एकच गोष्ट आठवत राहिली. त्या बाईंना लेवीय गाळता आलं नसणार. ते चट्टेसुद्धा त्यांनी शब्दाशब्दाला थांबून मराठीत आणले असणार. मला ते नुसते वाचायचे होते.

२०२४ मध्ये पुन्हा उत्पत्तीपासून सुरुवात केली. सकाळी साडेपाच, चहा, गॅलरीतली खुर्ची. या वेळी तेरावा अध्याय ओलांडला, आणि चौदाव्यात घराच्या भिंतीवर चट्टे आले! हिरवट, तांबूस, भिंतीत खोल गेलेले. घरमालकाने याजकाला कळवायचं. याजक येण्याआधी घर रिकामं करायचं, म्हणजे आतलं सामान वाया जायला नको. सात दिवस घर बंद ठेवायचं. चट्टा पसरलाच तर खराब दगड काढायचे, गिलावा खरवडून गावाबाहेर टाकायचा, नवे दगड बसवून पुन्हा लिंपायचं. तरीही परत आला तरच घर पाडायचं.

मी हसलेच. नगरच्या घराच्या मागच्या खोलीत अशीच भिंत आहे, पावसाळ्यात हटकून ओल धरणारी. हसता हसता ते 'तरीही' घशात अडकलं. केवढा धीर धरलाय एका भिंतीसाठी! मी तर पहिल्या चट्ट्याला नोटीस पाठवली होती.

सात वाजायची वाट पाहिली आणि दादाला फोन लावला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. त्याने उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "मागच्या खोलीला अजून ओल येते का रे?"

बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "येते. याजकाला बोलवायचं का?"

दर जानेवारीत पपा हा विनोद करायचे. टॉवेल खांद्यावर टाकून त्या भिंतीसमोर उभे राहायचे आणि आईला घर रिकामं करायला सांगायचे. मी पार विसरून गेले होते. दादाच्या लक्षात होतं.

पुढे पाच मिनिटं आम्ही फक्त वॉटरप्रूफिंगवर बोललो.

सगळं गोड झालं असं नाही. वाटणीचं अजून ठरलेलं नाही, आणि मधे एकदा फोनवर चांगली खडाजंगीही झाली. काही सकाळी वाचून काहीच होत नाही, डोळे ओळींवरून फिरतात आणि डोक्यात दुधाचा हिशेब चालू असतो. स्तोत्रांमध्ये मात्र एक सापडलं. ८८ वं स्तोत्र सुरू होतं काळोखात आणि संपतंही काळोखातच, शेवटी दिलासा वगैरे काही नाही. तेही प्रार्थनेतच धरलंय, म्हणजे चालत असणार. त्या दिवसापासून घरी पुन्हा प्रार्थनेला बसू लागले. देवळात क्षमेच्या ओळीला आता तोंड उघडतं, आवाज कधी येतो, कधी नाही.

ती फेरी ३१ डिसेंबरला काही संपली नाही, १९ जानेवारी उजाडला. पपांच्या यादीखाली माझी तारीख लिहायचा धीर होईना, म्हणून समोरच्या कोऱ्या पानावर लिहिली. पेन्सिलीनेच.

आता पुढची फेरी चालू आहे. काल लेवीय संपलं. दादाला कळवलं, तर म्हणतो भिंतीचा फोटो पाठवतो. उद्यापासून गणना, म्हणजे सुरुवातीलाच शिरगणतीचे आकडे.