दिवा दांडीचा की चाकाचा?

शिरडीचा विमानतळ आमच्याच कोपरगाव तालुक्यात, काकडीच्या शिवारात आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला तो सुरू झाला आणि आमच्या नातवाचं पुस्तकातलं लक्ष आभाळात गेलं. वैमानिक व्हायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं. पुढे डोळ्यांच्या तपासणीत रंग ओळखण्यात तो कमी पडला आणि तो विषय घरात बंद झाला. आता डिप्लोमा संपवून तो घरी आहे, आणि आमच्या धान्याच्या खोलीत त्याने विमानाचं कॉकपिट मांडलंय.

संगणकावर एक्स-प्लेन नावाचा विमान उडवण्याचा प्रोग्राम. समोर प्लायवूडच्या फळीवर स्विच, दिवे आणि चाकं खाली-वर करायची दांडी. सगळ्या वायरी आर्डुइनो नावाच्या तळहाताएवढ्या पट्टीत जातात. मी मराठीचा मास्तर, मला यातलं काय कळणार? पण निवृत्त माणसाकडे वेळ असतो. मी स्टूल घेऊन शेजारी बसू लागलो.

एक गोष्ट मात्र मला लगेच आवडली. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यांनी वैमानिकांसाठी शिकाऊ यंत्र बनवलं, ते हलायचं भात्यांवर. वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता ना! शाळेत प्रार्थनेला मी वीस वर्षं पेटी वाजवली. म्हटलं, चला, आपलाही थोडा संबंध आहे.

नातवाने समजावलं ते असं. आर्डुइनोला कळतं फक्त वायर जुळली की तुटली. एक्स-प्लेनच्या पोटात वेग, उंची, चाकांची स्थिती हे सगळं आपापल्या नावाखाली आकड्यांत नोंदलेलं असतं. त्या नोंदीला डेटारेफ म्हणतात. या दोघांमधला दुभाषा म्हणजे प्लगइन. स्विच हलला की तो आत निरोप नेतो, आत काही बदललं की बाहेर आणतो.

पहिल्या दिवशी दांडी खाली केली की चाकं वर जायची! कारण निरोप जात होता 'आहे ते बदल' असा. सुरुवातीलाच दांडी आणि चाकं उलट असली तर शेवटपर्यंत उलटच. मग त्याने निरोप बदलला: दांडी खाली असेल तर 'खाली कर', वर असेल तर 'वर कर'. जमलं.

दांडीच्या वर तीन हिरवे दिवे, तीन चाकांचे. दांडी खाली केली की तिन्ही झटकन लागायचे. मी खूश. नातू मात्र म्हणाला, "आबा, हे खोटं आहे. चाक बाहेर यायला काही सेकंद लागतात. मी दिवे दांडीलाच जोडलेत."

त्याने ते प्लगइनकडून चाकांच्या नोंदीला जोडले. ती नोंद शून्यापासून एकपर्यंत जाते. पूर्ण एक झाली तरच दिवा. मग एक्स-प्लेनमध्ये डाव्या चाकात मुद्दाम बिघाड घातला. दांडी खाली, दोन दिवे लागले, डावा अंधारात. "आता बरोबर," तो म्हणाला.

रात्री मला झोप आली नाही. १९८० नंतरच्या एका दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता. तास संपताना मी विचारायचो, "समजलं का?" सगळे म्हणायचे, "हो सर." तोही. तो नापास झाला, शाळा सोडून कारखान्यावर कामाला गेला. बऱ्याच वर्षांनी बाजारात भेटला तेव्हा जाड भिंगाचा चष्मा होता. म्हणाला, "सर, मला फळा दिसायचाच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही समजलं का विचारायचा, सर. दिसतं का, असं कधी विचारलं नाही."

माझ्या वर्गातले सगळे दिवे दांडीलाच जोडलेले होते. मी शिकवलं, की ते लागायचे.

दुसऱ्या दिवशी नातवाला विचारलं, "बरं चाललंय ना रे?"

"हो आबा."

एरवी मी उठलो असतो. त्या दिवशी बसून राहिलो. म्हटलं, "त्या डोळ्यांच्या तपासणीनंतर आपण त्यावर बोललोच नाही. त्या दिवशी तुला काय वाटलं, ते सांग."

त्याने सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. बराच वेळ गप्प होता. मग बोलला, जेवायला हाक आली तरी बोलत होता. काय बोलला ते इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे.